तिरप्याची ठेव

“त्याचं नाव या घरात कुणी घेत नाही,” म्हातारी म्हणाली, आणि तिच्या मुलानं उठून दाराला आतून कडी घातली.

बाबांना घेऊन आलेल्या लेकीच्या तोंडचं पाणीच पळालं. आतापर्यंत सगळं किती छान चाललं होतं! पाणी झालं, चहा झाला, ‘कुठून आलात, रस्ता सापडला ना’ झालं. मग हिनं विचारलं, पूर्वी या नदीवर होडी चालवणारा तिरप्या म्हणून कुणी होता, त्याच्याबद्दल काही ठाऊक आहे का? झालं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

कितीतरी दिवस ती हे नाव घेऊन नदीकाठची गावं पालथी घालत होती. तिरप्या म्हणजे तिच्या वडिलांचा पणजोबा, घराण्याचा मूळपुरुष. धारेचा अंदाज घेत होडी तिरपी काढायचा, म्हणून तिरप्या. खरं नाव कुणालाच माहीत नव्हतं. बाकी सगळ्या गावांत लोकांनी नुसत्या माना हलवल्या. या गावात मात्र नाव काढताच पारावरची माणसं गप्प झाली आणि एकानं या घराकडे बोट दाखवलं.

शेजारी बाबा बसले होते. मांडीवर तांब्याची जुनी घागर. परवा त्यांच्या हृदयाचं ऑपरेशन होतं. डॉक्टर प्रवासाला नको म्हणत होते, पण बाबा ऐकतात कसले! ही घागर ज्याची त्याला दिल्याशिवाय मी टेबलावर आडवा होणार नाही, म्हणाले.

“तुम्ही त्याचे कोण?” मुलानं दारातूनच विचारलं. तो ट्रॅक्टरचा फिटर होता. दाराएवढा रुंद, हात ऑइलनं काळे.

“कोणी नाही हो,” लेक घाईघाईनं म्हणाली. “आपली जुनी माहिती गोळा करतेय.” तिनं बाबांचा हात दाबला.

“मी त्याचा पणतू,” बाबा म्हणाले.

लेकीनं कपाळाला हात लावला. आयुष्यात एकदा, फक्त एकदा, या माणसाला खोटं बोलता आलं असतं तर!

म्हातारी बाबांकडे बघत सावकाश बोलायला लागली.

“आमच्या घरातलं पोर पळवलं त्यानं. माझ्या आजेसासऱ्यांचा चुलत भाऊ. तीन वर्षांचा. गावात पटकीची साथ होती, घरोघरी माणसं मरत होती. पोराचा बाप गेला, मग आई अंथरुणाला खिळली. ती गेली त्या दिवशी कुणाच्या लक्षात आलं, पोर कुठंय? तर तिरप्यानं होडीत घालून नेलेलं. कुठं विकलं देव जाणे. या घरात सून आली की तिला शिकवतात, म्हण, त्या मेल्याचा निर्वंश होवो. मीही म्हटलंय.”

“आणि आज त्याचा वंश आमच्याकडे चहा ढोसतोय,” फिटर म्हणाला.

बाबांचा श्वास वर लागला होता. लेकीनं पर्समधली गोळी काढली, त्यांनी ती हातानंच दूर केली.

“मला आजोबांनी सांगितलंय ते वेगळं आहे,” ते म्हणाले. “तिरप्या मरताना त्यांना म्हणाला, मोठ्या घरच्या बाईनं माझ्याकडे ठेव दिली होती. साथ सरेपर्यंत सांभाळ म्हणाली. परत करायला गेलो तर धोंडे मारले. ठेव माझ्याकडेच राहिली. आमच्या घरात त्याच्या वेळची ही एवढीच वस्तू आहे. घ्या. तुमची आहे.”

“वा! चोराच्या उलट्या बोंबा!” फिटर पुढे आला. “आला होता ना परत, साथ गेल्यावर. आणखी पोरं न्यायला! सगळा गाव काठावर उभा राहिला आणि धोंडे घालून हाकलला त्याला. म्हणे ठेव!”

म्हातारीनं घागर हातात घेतली, उलटीपालटी करून बघितली आणि खाली ठेवली.

“ही आमची नाही. असली चेपलेली घागर कोण कुणाला सांभाळायला देईल? तीही मरणाच्या दारातली बाई? घरात एवढंसं पोर असताना ती घागर—”

ती बोलता बोलता थांबली.

फिटरनं आईकडे बघितलं.

“तो परत आला तेव्हा होडीत काय होतं?” लेकीनं विचारलं.

“चादरीत गुंडाळलेलं काहीतरी होतं म्हणतात,” फिटर म्हणाला. “काठावरून नीट दिसलं नसणार.”

“तिरप्याची बायको इथलीच का हो?” बाबांनी विचारलं. “आमच्याकडे तिला कुणी बघितलंच नाही. तो आमच्या गावात आला तोच तीन वर्षांच्या पोराला खांद्यावर घेऊन. ते माझे आजोबा.”

“कसली बायको?” म्हातारी म्हणाली. “एकटा जीव होता तो. त्याला ना बायको, ना पोर.”

आपल्या माणसांनी आपल्याच लेकरावर धोंडे घातले होते, आणि ते लेकरू परत आणणाऱ्या माणसाला म्हातारी आयुष्यभर शिव्या देत आली होती. तिला रडू आवरेना.

“उघड रे ते दार,” ती मुलाला म्हणाली. “आणि पाया पड यांच्या. काका आहेत तुझे. थोरल्या पातीचे.” मग ती बाबांकडे वळली. “भाऊजी, तुम्ही आमचे. आणि त्या बिचाऱ्याचा खरंच निर्वंश झाला हो. आमचा शाप लागला त्याला.”

“असा कसा निर्वंश झाला, वहिनी?” बाबा म्हणाले. “मी बसलोय ना तुमच्यासमोर.”