ओळीने पाच उत्तरं

आईच्या, मार्थाच्या हातात काढ्याचा पेला देऊन एमिलीने वही उघडली. आईची पाचही उत्तरं आज बरोबर आली तर एमिली गुरुवारच्या विमानाने संशोधनासाठी जर्मनीला जाणार होती. एक जरी चुकलं तर संशोधन गेलं खड्ड्यात, ती आपलं सांडोर गाव सोडणार नव्हती. घरात तिने तसं बजावूनच सांगितलं होतं.

काढा होता कांद्याच्या तांबड्या सालींचा. साली टाकून द्यायच्या असतात, एवढं कळायला शिक्षण लागत नाही, असं म्हणून शेजारणी हसायच्या. पण एमिली मुंबईच्या प्रयोगशाळेत त्याच सालींतल्या फ्लॅव्होनॉइड नावाच्या द्रव्यावर काम करायची. आईला झालेल्या अल्झायमरमध्ये मेंदूच्या पेशींना मारणारं विष तिने काचेच्या बशीतल्या पेशींवर घातलं होतं. ज्या बशीत सालींचा अर्क होता, तिथल्या पेशी जास्त टिकल्या. बशीतल्या पेशी म्हणजे आई नव्हे, हे तिला चांगलं कळत होतं. पण बुडत्याला काडीचा आधार.

आणि काय सांगावं, गेले तीन रविवार चर्चमधल्या मिस्साहून आल्यावर आई पाचही उत्तरं बिनचूक द्यायला लागली होती. एमिलीने तर डॉक्टरांनाही फोन करून कळवलं होतं.

फक्त आज तिला वाटलं, दर वेळी त्याच क्रमाने विचारायचं ही कसली परीक्षा? तिने शेवटचा प्रश्न आधी घेतला.

"आई, शंभरातून सात गेले, किती उरले?"

"रविवार," मार्था म्हणाली.

ओट्यावर केळीच्या पानांच्या जुड्या बांधत बसलेल्या तिच्या पप्पांचा, व्हॅलेरियनचा हात थांबला.

"नवऱ्याचं नाव?"

"सांडोर."

खरं तर तिथेच थांबायला हवं होतं, पण तिला थांबवेना.

"आपलं गाव कुठलं?"

"व्हॅलेरियन."

"आज वार कोणता?"

"एमिली."

"आणि तुझ्या मुलीचं नाव काय, आई?"

"त्र्याण्णव," मार्था म्हणाली आणि खुशीत उरलेला काढा पिऊन टाकला.

एमिलीने ओट्याकडे पाहिलं. "पप्पा, तुम्ही पाठ करून घेतलंत?"

व्हॅलेरियनने मान वर केली नाही. "तीस वर्षं देवळात पोरांना धर्मशिक्षण दिलं. ओळीने प्रश्न, ओळीने उत्तरं. मला दुसरी रीत येत नाही."

"मी डॉक्टरांना सांगितलं ती सुधारतेय म्हणून! गोळी वाढवायची होती ती त्यांनी थांबवली. कळतंय का तुम्हाला काय केलंत ते?"

"कळतंय."

"मग का?"

"तू थांबली असतीस म्हणून. इथे चुलीपाशी साली उकळत बसली असतीस." त्याने जुडी बाजूला ठेवली. "इथे बसून तिचं काय भलं होणार आहे, पोरी? तिकडे निदान मोठी प्रयोगशाळा आहे. डॉक्टरांची माफी मी मागतो, उद्याच जातो. पण तू जा."

"आणि तिला सांभाळणार कोण? तुम्हीसुद्धा सत्तरीचे झालात. मी नाही जाणार."

"हळू बोल. तिला ऐकू जातंय."

मार्थाला ऐकू गेलं होतं. भांडण कशावरून चाललंय ते कळलं नाही, पण काहीतरी बिघडलंय एवढं कळलं. तिने व्हॅलेरियनकडे पाहिलं, मग वहीकडे. मग पदर नीट करून ती उठली आणि एमिलीसमोर हात जोडून उभी राहिली.

"बाई, माझं काही चुकलं असेल तर मला परत विचारा. मी पाठ केलंय सगळं. पण आमच्या एमिलीला जाऊ द्या."