पुस्तक मिटून

"पुस्तक मिटलं. आता मी काय समजावलं ते तू सांग," बारक्या म्हणाला.

ताईने पाय कोमट पाण्याच्या टबात सोडले होते. डोळे मिटलेलेच होते. "परत मीच?"

"ऐकणाऱ्याच्या तोंडून परत आलं की आपण कुठं गडबडलो ते कळतं. आमच्या बाई म्हणतात."

"तुझ्या बाईंना एकदा आमच्या लाँड्रीत पाठव. ओल्या चादरी ओढल्या की सगळ्या पद्धती विसरतील."

तो हसला नाही. मिटलेल्या पुस्तकावर बोटाने टकटक करत राहिला. शेवटी ताईच बोलली. "संधी-खर्च म्हणजे एक गोष्ट निवडताना दुसरी जी सोडावी लागते, तिचं मोल."

"उदाहरण?"

"तुझ्यासमोर बसलेय. झोप सोडलीये."

"पूर्ण गुण," बारक्या म्हणाला.

रुग्णालयाच्या लाँड्रीत ताई पहाटपाळीला जाई. दिवसभर वाफ आणि ओले कापड. घरी येईपर्यंत उजवा खांदा लाकडासारखा होई. हे काम सोडा, असे डॉक्टरांनी दोनदा बजावले होते. पण आईवडील गेल्यापासून घर तिच्याच जिवावर होते. बारक्या पदवीधर झाला, नोकरीला लागला, की सुटका. तो शेवटच्या वर्षाला आपटला होता आणि विद्यापीठाच्या नियमाप्रमाणे ही अखेरची संधी होती. विषय अर्थशास्त्र. घरात ताईची पुस्तके पडून होती, म्हणून त्याने तोच घेतला होता. तिचे स्वतःचे शिक्षण दुसऱ्या वर्षानंतर राहिले ते राहिलेच.

आधी तो पुस्तकातली ओळ न् ओळ पिवळी करी आणि अभ्यास झाला म्हणे. या वर्षी मात्र पोरगा बदलला. पालकाची सही आणि फोटो लागतो म्हणून त्याने सुरुवातीलाच कागद पुढे केले. ताईने डुलक्या घेत सह्या ठोकल्या. तेव्हापासून रोज संध्याकाळी हीच शिकवणी. आज वाचलेला धडा तो उद्या काढत नसे. मध्ये चार दिवस जाऊ देई, आणि ताईच्या डोक्यातून निसटायला लागला की नेमका तेव्हाच उकरी. एका प्रकरणातला एक प्रश्न, दुसऱ्यातला दुसरा, असे घोळून विचारी.

"ओळीनं विचार की मेल्या," ती वैतागे.

"पेपरात ओळीनं येत नाहीत."

लाँड्रीत चादरीची दोन टोके धरून तिच्यासमोर सोबत काम करणारी मावशी उभी असे. एकदा तिने ताईचे ओठ हलताना पाहिले.

"काय पुटपुटतेस गं? जप करतेस की काय?"

"घटती सीमांत उपयोगिता."

"कुठल्या वॉर्डातला आजार हा?"

"पहिली चादर घडी करताना बरं वाटतं, मग कमी कमी वाटत जातं आणि शेवटी जीव नकोसा होतो. तो."

"मग मला केव्हाचाच झालाय," मावशी म्हणाली आणि दोघी कितीतरी दिवसांनी खदखदून हसल्या.

परीक्षा तोंडावर आली तेव्हा बारक्याने तिच्यापुढे कोरे कागद ठेवले.

"हे काय?"

"या प्रश्नाचं उत्तर लिही. मी तपासतो. दुसऱ्याच्या चुका काढल्या की आपलं पक्कं होतं."

ताईचा पारा चढला. "वा रे वा! राबायचं मी, पाठ करायचं मी, लिहायचंही मीच! आणि पास कोण होणार? तू! जनाची नाही, निदान मनाची तरी ठेव."

बारक्याने मान खाली घातली. त्याचे तळवे सोलवटलेले होते. विचारले तर ग्रंथालयात कपाटे हलवतोय, म्हणाला; शर्टाला मात्र सिमेंट लागले होते. "एवढं शेवटचं, ताई. यानंतर नाही मागणार काही."

तिने लिहिले. खांदा ठणकत होता, तरी लिहिले. त्याने लाल पेनाने खाली शेरा मारला: व्याख्या ठीक, कारणं अर्धी.

"अर्धी? कुठं अर्धी?" ती उसळली. धाकट्या भावाकडून हार मानायची तिची तयारी नव्हती. तिने कागद ओढून घेतला आणि उत्तर पहिल्यापासून पुन्हा लिहून काढले. नंतर तर रोजच लिहू लागली. कुरकुरत, पण लिहू लागली.

पेपराच्या दिवशी तिने पाळी बदलून घेतली. "सोबत चल. एकट्याचे पाय लटपटतात माझे," असे त्यानेच म्हटले होते. ती इस्त्रीचे कपडे घालून निघाली. पाण्याची बाटली तिच्या हातात, पेनेही तिच्याच पर्समध्ये. हा घोडा सगळे विसरतो, म्हणून.

परीक्षा केंद्राच्या व्हरांड्यात गर्दी होती. कुणी भिंतीला टेकून पुटपुटत होते, कुणी शेवटची पाने चाळत होते. बारक्या मोकळ्या हाताने उभा होता. ताईने त्याला बाजूला ओढले.

"चलनवाढीची कारणं सांग बघू."

त्याने खांदे उडवले.

"अरे, परवाच तर झालं! मागणी वाढते, आणि?"

"आणि?" त्याने उलट विचारले.

"उत्पादनखर्च वाढतो! पैशाचा पुरवठा वाढतो!" तिचा आवाज चिरकला. आजूबाजूच्या माना वळल्या. एवढ्या संध्याकाळी पाण्यात गेल्या, असे तिला वाटले. आता पुन्हा तीच लाँड्री, तीच वाफ, खांदा निखळेपर्यंत. डोळे भरून आले. ते त्याला दिसू नयेत म्हणून तिने त्याची कॉलर नीट केली.

"असू दे. घाबरायचं नाही. एखादं अडलं तर सोडून पुढं जायचं. मग शांतपणे मागे यायचं. येतं सगळं. कळलं?"

"कळलं," बारक्या म्हणाला. "तूच लक्षात ठेव."

घंटा झाली. रांग सरकू लागली. दारापर्यंत ती त्याच्यासोबत गेली. पर्यवेक्षकांनी बारक्याच्या हातातले प्रवेशपत्र घेतले, त्यावरचा फोटो पाहिला आणि चष्मा वर करून ताईचा चेहरा निरखला.

"या बाई, खिडकीजवळची जागा तुमची," ते म्हणाले. मग बारक्याकडे वळले. "सोबत आलेल्यांनी फाटकाबाहेर थांबायचं."