बाजूला काढलेले दाणे

"पास! चटणी पास झाली, दैवशालाताई!"

यशश्री मॅडमनी विद्यापीठाच्या प्रयोगशाळेचा कागद हलवून दाखवला आणि मंठ्याच्या त्या पत्र्याच्या शेडमधल्या बचत गटाच्या पाचही बायांनी टाळ्या पिटल्या. दैवशालाच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. या कागदावर तिची शेंगदाण्याची चटणी आता जालन्याच्या, पुण्याच्या दुकानांत जाणार होती. नवरा जाऊन सहा महिने झाले होते. लेकीचं, शालूचं कॉलेज, घरातली चूल, सगळं या एका कागदाशी येऊन अडलं होतं.

पास न होऊन सांगते कुणाला! दाणे निवडावेत तर दैवशालानं. पोतंच्या पोतं हातानं निवडायची. काळपट, सुरकुतलेला, बुरशीचा डाग पडलेला दाणा दिसला की बाजूला. गिऱ्हाइकाच्या तोंडी खराब दाणा गेला तर पाप लागतं, ही सासूची शिकवण. मग बाजूचे दाणे फेकायचे? छे! अन्न आहे ते. धुऊन, वाळवून, खरपूस भाजून त्यांची घरापुरती चटणी व्हायची. शालूला ती कडू लागायची. दैवशालाला तिखटानं पित्त व्हायचं. राहिला नवरा, कचरू. तो बिचारा भाकरीवर मूठभर घ्यायचा, दोन्ही वेळेला, वर्षानुवर्षं. कधी नाव ठेवलं नाही.

मग त्याचे डोळे पिवळे झाले, पोट फुगलं. डॉक्टर म्हणाले, लिव्हर गेलं. गावाला तेवढं पुरे झालं. चोरून पीत असणार, दुसरं काय? दैवशालानंही तेच मनात धरलं.

"शालूची आन, थेंबबी घेतला न्हाई. मी काय खोटं बोलून राह्यलो का?" खाटेवरून तो सारखं विचारायचा. ती उठून भांडी घासायला बसायची.

"आणखी एक," मॅडम म्हणाल्या. "मागच्या वेळी तुमच्या घरच्या डब्यातली चटणीपण मी तपासायला नेली होती."

"ती कशाला, मॅडम? ती विकायची न्हाई. घरच्यापुरती हाय."

"ती आजच टाकून द्या. शालूलाही देऊ नका. त्यात बुरशीचं विष निघालंय. धुऊन, भाजून ते जात नाही. रोज रोज पोटात गेलं की लिव्हर खाऊन टाकतं. माणूस दारूच्या थेंबाला शिवलेला नसला तरी."

बायांनी एकमेकींकडे पाहिलं. दैवशाला निवडलेल्या दाण्यांच्या ढिगाशेजारी खाली बसली. कागद तिच्या हातातच होता.

"मॅडम," ती म्हणाली, "त्यांच्या दहाव्याला पिंडाला कावळा शिवंना. मंग मीच पिंडापुढं दारूची बाटली नेऊन ठेवली."