बाकीच्यांना विचारलंस?

चारही यानांच्या नोंदी एकमेकींशी ताडून पाहिल्याशिवाय मॅडम कुणाला जेवायलासुद्धा सोडत नसत. सूर्याकडून सुटलेला वारा पृथ्वीच्या चुंबकीय कवचावर आदळतो, तिथेच ही यानं एकमेकांच्या सोबतीने फिरत होती. त्या दिवशी नवा सहकारी एकाच यानाची नोंद पाहून मोकळा झाला. "सगळं शांत आहे, मॅडम."

"एकाच्या सांगण्यावर जाऊ नकोस. बाकीच्या तिघांना विचारलंस?"

त्याने पाहिलं. ते एक यान कवचाच्या आडोशाला होतं. बाहेरची तिन्ही सोसाट्याच्या वाऱ्यात सापडली होती. बिचारा कान पकडून पुन्हा कामाला बसला.

रविवारी मॅडमच्या धाकट्या बहिणीच्या घरी तिघं भावंडं जमली. धाकटी कपांत चहा ओतत होती.

"दादा, तू बाबांकडे सारखा जातोस, म्हणून मी निर्धास्त आहे," मॅडम म्हणाल्या. "परवाही फोनवर म्हणाले, दादा आत्ताच येऊन गेला, तू उगाच धावपळ करू नकोस."

"मी?" दादा चमकला. "अगं, मला तर सांगतात, तूच सारखी येतेस म्हणून."

मॅडमनी तिथूनच फोन लावला आणि स्पीकर चालू केला. "बाबा, एकटेच आहात का?"

"छे गं! मजेत आहे मी. ही काय, धाकटी आलीय. आत चहा टाकतेय."

धाकटीने हातातली किटली आवाज न करता खाली ठेवली.