पूर्ण नाव

ब्लॉगवर मंजुषा कुणाचंच नाव घालत नसे. 'एक घर' म्हणे, 'एक बाई' म्हणे. तरी नाशिक रोडच्या ऑफिसात कुणीतरी ललितला हसत विचारलंच, "काय साहेब, वहिनी तुमच्यावरच लिहितात का?" घरी येऊन त्यानं तिचा उजवा हात कॉम्प्युटरच्या टेबलाच्या खणात कोंबला आणि लाथ मारून खण बंद केला. "घरची लक्तरं वेशीवर टांगतेस?" वाळल्या शेंगा फुटाव्यात तशी बोटं वाजली. सासूबाई दारात उभ्या होत्या, नेहमीसारखा एक हात पदराआड घेऊन.

दुसऱ्या दिवशी तो कामावर गेला तशा त्या येऊन मंजुषाच्या शेजारी बसल्या. तिला वाटलं, आता म्हणतील, पुसून टाक सगळं.

"डावा हात हाय ना अजून? मंग लिही. आन् आता नाव टाक, पूर्ण."

"कसं टाकू, आई?"

"ललित चिमाजी मौले."

उखाण्याबाहेर स्वतःच्या नवऱ्याचं नाव त्यांनी तो मेल्यावरही कधी घेतलं नव्हतं. पदराआडचं वाकडं मनगट त्यांनी टेबलावर ठेवलं.

"मधल्या नावाचंबी लिही. ते मी सांगते."