डालड्याच्या डब्यातला माड

“कोंबडीसुदिक एकवीस दिसांत अंडं फोडते. तुला मेल्या आठ महिने झाले, अजून नाक वर काढवत नाय.”

न्हाणीच्या दारात उभ्या विनोदिनीला ते स्पष्ट ऐकू आलं. बौद्धवाडीतली सुंदराबाई परसात मोळी टाकून डालड्याच्या डब्यापाशी उकिडवी बसली होती आणि आतल्या मातीला रागे भरत होती.

विनोदिनीने हातातला तांब्या डब्यात ओतला. रोज ओतायची.

पोलादपुरातल्या तिच्या नव्या घराच्या फाटकाशी शोभेला भेरली माड हवा होता. त्याची फळं सुंदराबाईनेच आंबेनळीच्या उतारावरून आणली. गर खाजरा, सोलता सोलता तिचे हात कोपरापर्यंत सुजले. बी हट्टी, त्याला ऊब लागते, म्हणून आपल्या जुन्या लुगड्याच्या ओल्या चिंधीत बांधून तिने ते न्हाणीतल्या बंबाशी ठेवायला दिलं.

गौरींना महाडची नणंद आली. “बंबाशी ही चिंधी कुणाची गं?” एवढंच तिने विचारलं. जेवणं व्हायच्या आत पुरचुंडी उकिरड्यावर गेली.

पुढच्या मोळीला सुंदराबाईने बियांची चौकशी केली, तेव्हा “डब्यात लावल्या” असं विनोदिनीच्या तोंडून निघून गेलं. मग डबा शोधला, माती भरली. डब्यात बी नाही हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. नवऱ्याने तर एकदा डबा उन्हातून सावलीत सरकवला होता.

सुंदराबाईने काटकी उचलली. “उकरून बघू काय, वैनी?”

“नको गं, कोंब मोडेल.”

काटकी मातीला टेकून तशीच राहिली. विनोदिनीने तांब्या खाली ठेवला.

“डब्यात काही नाही, सुंदराबाई.”

“ठावं हाय.” सुंदराबाईने काटकी टाकून दिली. “पुरचुंडी मी तवाच उकिरड्यावरनं उचलून नेली. माझ्या चुलीच्या अंगाला रुजलाय एक. बोटभर झालाय.”

“मग दर खेपेला विचारतेस कशाला?”

“तुमी पानी घालता म्हनून.”

सुंदराबाई गुडघ्यावर हात देऊन उठली. लुगड्याची माती झटकली. फाटकापर्यंत गेली आणि वळली.

“उद्या घेऊन येते. मुळं बांधाया चिंधी तेवढी तुमच्या घरातली द्या.”