मिशन शाळेतला पणजोबा

"परदेशी धर्म, चालता हो!" अशा घोषणा देत दादासोनं गेल्या वर्षी इंदापूर तालुक्यातल्या मिशन शाळेवर मोर्चा नेला होता. यंदा सरपंचपद ओबीसीसाठी राखीव झालं आणि उभं राहायचं तर घराण्याची जुनी कुणबी नोंद हवी होती. ती सापडली तर त्याच शाळेच्या शंभर वर्षांपूर्वीच्या रजिस्टरात सापडणार होती.

फादरनी पणजोबाचं नाव शोधून दिलं. पुढं जात लिहिली होती: कुणबी.

"देव पावला बघा, फादर!"

"कुठला?" असं विचारत फादरनी शेजारच्या धर्माच्या रकान्यावर बोट ठेवलं. तिथं लिहिलं होतं: ख्रिस्ती.

दादासोनं एकदा दाराकडं बघितलं.



"फादर, बोट त्या शब्दावरच दाबून धरा, आन् तशीच झेरॉक्स मारा."